वर्गातल्या त्या लाल केसांच्या मुलीबद्दल

बायो, परवा फोनवर मी 'बघू, बोलू नंतर' म्हणून विषय टाळला. तुझा स्पीकर चालू होता आणि लेक शेजारीच बसलेला होता. आत्ता तो शाळेत असेल, म्हणून मोकळेपणी बोलते. त्याने वर्गातल्या एका मुलीला लाल केसांवरून चिडवलं, बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली, आणि तू म्हणालीस, ‘ताई, इथे सगळेच चिडवतात गं. तिचे केस आहेतच लाल, त्यात एवढं काय?’ ते 'त्यात एवढं काय' माझ्या मनातून जाईना. रागावत नाहीये मी. तू एडिनबरात नवीन आहेस, ही चिडवाचिडवी किती जुनी आहे आणि किती खोलवर गेलेली आहे हे तुला कुणी सांगितलेलं नसणार.

आधी आपल्या घरचं आठव. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य तुझ्यासमोर किती जणींनी म्हटलं असेल? त्यातला तो 'पण' तुला किती वर्षं टोचला, हे मला माहीत आहे. तेव्हा कुणी म्हटलं असतं की तुझा रंग आहेच सावळा, त्यात एवढं काय, तर तू काय केलं असतंस? त्या मुलीच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघ.

ब्रिटनमध्ये एरवी कुणाच्या रंगावर चकार शब्द न काढणारी भली माणसं लाल केसांवर मात्र बिनदिक्कत विनोद करतात. 2005 साली एका अमेरिकी कार्टून मालिकेत लाल केसांच्या मुलांबद्दलचा भाग आला. लिहिणाऱ्यांना पूर्वग्रहाचीच टर उडवायची होती, पण पोरांनी त्यातून फक्त चिडवणं उचललं. 2008 च्या नोव्हेंबरात कॅनडात कुणीतरी समाजमाध्यमावर ‘लाल केसवाल्यांना लाथ मारा’ असा दिवस जाहीर केला आणि शाळांमध्ये मुलांनी खरोखर लाथा खाल्ल्या. बाईंची चिठ्ठी या सगळ्या पार्श्वभूमीवर आलेली आहे. त्यांनी योग्यच केलं.

आता लेकाशी बोलायचं कसं? ‘असं बोलू नये’ एवढ्यावर तो गप्प बसेल, पण त्याला कळणार काहीच नाही. त्याला कुतूहल आहे ना, मग केसांची गोष्टच सांग. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. अशी कल्पना कर, की एका रंगाऱ्याजवळ दोन पातेली आहेत. एकात काळा-तपकिरी रंग, त्याचं नाव युमेलॅनिन. दुसऱ्यात पिवळट-तांबडा, तो फिओमेलॅनिन. पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं. शरीरातलं एक संप्रेरक येऊन त्याला चिकटलं, की आत निरोप जातो की काळा रंग काढा. हे प्रथिन ज्या जनुकावरून तयार होतं त्याला एमसीवनआर म्हणतात, आणि ते आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर असतं. त्या जनुकात बारीकसा फरक असला तर निरोप नीट पोचत नाही, आणि रंगारी तांबड्या पातेल्यावरच काम करत राहतो. त्या मुलीच्या बाबतीत घडलंय ते एवढंच.

आणि बायो, हे शोधून काढलं ते बरंचसं तुमच्याच भागात. 1995 मध्ये जोनाथन रीस, इयन जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे न्यूकॅसल आणि एडिनबराच्या मंडळींनी, हे जनुक आणि लाल केस यांचा संबंध दाखवला. लाल केस किंवा उन्हात न रापणारी गोरी कातडी असलेल्या माणसांपैकी 80 टक्क्यांहून जास्त जणांत त्यांना या जनुकातले फरक सापडले. तपकिरी-काळ्या केसांच्या लोकांत हेच प्रमाण 20 टक्क्यांच्या आत होतं. ही गोष्ट त्याच गावातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला कळायला हवी, असं मला फार वाटतं.

तू विचारलंस की त्या मुलीचे आईवडील दोघेही काळसर केसांचे, मग ही अशी कशी? अगं, लाल केस यायला साधारणपणे जनुकाच्या दोन्ही प्रती तशा लागतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोघांकडे एकेकच असली तर दोघांचेही केस लाल दिसत नाहीत, पण त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही मिळण्याची शक्यता चारात एक. हे माहीत नव्हतं तेव्हा अशा आयांकडे लोकांनी कसं पाहिलं असेल, कल्पना करवत नाही. म्हणून शेजारपाजारच्या गप्पांत 'कुणावर गेली गं ही' असं तू चुकूनही विचारू नकोस. त्यातही आणखी गुंता आहे. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यातही एडिनबराचे संशोधक होते. तेव्हा दिसलं की दोन्ही प्रती असलेल्या बहुतेकांचे केस प्रत्यक्षात सोनेरी किंवा फिके तपकिरी असतात, आणि लाल रंग उतरायला इतर जनुकांचाही हात लागतो. म्हणजे भरभक्कम लाल केस ही चांगलीच दुर्मीळ गोष्ट. जगात शंभरात एखाद-दुसरं माणूस.

उत्तरेकडेच का, असंही तो विचारेल. आफ्रिकेत हे जनुक जवळजवळ जसंच्या तसं टिकून आहे, कारण तिथल्या उन्हात कातडीला काळा रंग लागतोच. युरोपात ऊन कोवळं, त्यामुळे तिथे जनुकात फरक पडला तरी माणसाचं फारसं बिघडलं नाही. गोऱ्या कातडीला कमी उन्हातही ड जीवनसत्त्व बनवता येतं, म्हणून ते फरक टिकले असंही काहीजण म्हणतात. त्यावर अजून वाद चालू आहे. स्पेन आणि इटलीत सापडलेल्या निअँडरथल हाडांतून 2007 मध्ये हेच जनुक वाचलं गेलं, आणि त्यातला फरक आपल्यातल्या कुठल्याच फरकाशी जुळत नव्हता. तेव्हा कुणी त्या मुलीला 'गुहेतल्या माणसांची वारस' म्हणालं, तर त्यात काही तथ्य नाही.

आता मला खरं सांगायचंय ते यापुढचं. केस तेच, पण बघणाऱ्यांनी त्याला काय काय चिकटवलं बघ. इजिप्तचा दुसरा रॅमसीस नव्वदीपर्यंत जगला. त्याची ममी 1976 मध्ये पॅरिसला तपासायला नेली. त्याच्या केसांवर मेंदीसारखा रंग होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली मुळाशी पाहिल्यावर दिसलं की तरुणपणी त्याचे केस मुळातच तांबूस असावेत. त्याच इजिप्तमध्ये लाल हा सेत या वादळाच्या, उत्पाताच्या देवाचा रंग. रॅमसीसच्या घराण्याने सेतला आपलं म्हटलं, त्याच्या बापाचं नावच सेती. आणि ग्रीक लेखक डायोडोरस सांगतो, की पूर्वी तिथे ओसिरिस देवाच्या समाधीपाशी लाल केसांच्या माणसांचा बळी देत असत. ज्या रंगाचा राजा सिंहासनावर बसला, त्याच रंगाच्या प्रजेबद्दल अशा कथा.

युरोपातल्या चित्रकारांनी तेच केलं. बायबलमध्ये जुडासच्या केसांचा रंग कुठेही सांगितलेला नाही, मेरी मॅग्डेलीनच्याही नाही. तरी स्पेनमध्ये आणि जर्मनीत जुडासला लाल दाढी-केस रंगवायची रीत पडली, कारण दगाबाज माणूस गर्दीत ओळखू यावा. मॅग्डेलीनलाही लाल केस दिले, कारण ती पूर्वायुष्यातली मोहाची बाई म्हणून दाखवायची होती. मध्ययुगात हाच लाल रंग ज्यू लोकांवरही चिकटवला, म्हणजे द्वेषाला ओळखपट्टी मिळाली. पिढ्यान् पिढ्या लोकांनी चर्चच्या भिंतीवर हे बघितलं. मग रस्त्यात लाल केसांचं पोर दिसल्यावर त्यांच्या मनात काय येणार?

आणि त्याच काळात व्हेनिसच्या श्रीमंत बायका नेमका तोच तांबूस-सोनेरी रंग मिळवायला दिवसदिवस उन्हात बसत होत्या! चित्रकार टिशियनच्या नात्यातल्या चेझारे व्हेचेल्लियोने 1590 च्या पुस्तकात त्याचं चित्रच काढून ठेवलंय. घराच्या छपरावर लाकडी माची बांधलेली. तिच्यावर अंगात हलका झगा घालून बसलेली बाई. डोक्यावर गवताची रुंद कडेची टोपी, पण टोपीला वरचा भागच नाही. केस त्या भोकातून वर ओढून काढायचे आणि कडेवर चहूबाजूंनी पसरायचे, म्हणजे चेहरा सावलीत आणि केस उन्हात. हातात काठीला बांधलेला स्पंज. त्याने केस पुन्हा पुन्हा रसायनात भिजवायचे आणि वाळवायचे. दुपारभर. इतकी हौस! एकीकडे तोच रंग पापाचा, दुसरीकडे त्याच रंगासाठी डोकं भाजून घ्यायचं.

तुमच्या होलिरूड राजवाड्यात राहिलेली स्कॉटलंडची मेरी आणि तिची चुलत नात्यातली इंग्लंडची पहिली एलिझाबेथ, दोघींचे केस तांबूस. एलिझाबेथच्या डोक्यावर नंतर लाल टोप आले. 1587 मध्ये मेरीचा शिरच्छेद झाला तेव्हा मारेकऱ्याने केसांना धरून मस्तक वर उचललं, तर हातात नुसता टोप राहिला आणि खाली पिकलेले आखूड केस निघाले. हे लेकाला सांगू नकोस, झोपणार नाही.

पण माझा जीव खरा अडकलाय तो लिझीपाशी. एलिझाबेथ सिडल. लंडनमध्ये टोप्यांच्या दुकानात काम करणारी, उंच, लाल केसांची मुलगी. त्या काळात तिथे असे केस कुरूप आणि अपशकुनी मानत. 1850 च्या आसपास काही तरुण चित्रकारांनी तिला मॉडेल म्हणून बसवलं आणि हळूहळू तिचेच केस सौंदर्याचं परिमाण झाले. त्यांच्यातल्या मिलेने तिला शेक्सपिअरच्या नाटकातली बुडणारी ऑफेलिया म्हणून काढलं. त्यासाठी ती भर हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या टबात तासन् तास पडून राहायची. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवले होते. एकदा ते विझले. मिलेचं लक्ष चित्रात. लिझी हूं की चूं न करता गारठत पडून राहिली आणि मग चांगलीच आजारी पडली. तिच्या वडिलांनी डॉक्टरचं बिल मिलेकडे मागितलं.

ती स्वतः चित्रं काढायची, कविता करायची. कलासमीक्षक रस्किनने तिच्या चित्रांसाठी तिला वर्षाला 150 पौंड द्यायचं कबूल केलं होतं. हे किती जणींना माहीत असतं? पुढे त्याच चित्रकारांपैकी रोझेट्टीशी लग्न झालं, मुलगी मृत जन्मली, आणि 1862 च्या फेब्रुवारीत अफूचं औषध जास्त घेतल्याने ती गेली. रोझेट्टीने आपल्या कवितांची वही तिच्या केसांशी ठेवून तिच्याबरोबर पुरली. सात वर्षांनी त्याला त्या कविता छापाव्याशा वाटल्या, तेव्हा हायगेटच्या दफनभूमीत रात्री थडगं उकरलं. तो स्वतः गेलाही नाही. ज्याने हे काम केलं त्याने येऊन सांगितलं, की ती तशीच सुंदर होती आणि केस वाढून शवपेटी लालसोनेरी रंगाने भरली होती. मेलेल्या माणसाचे केस वाढत नाहीत गं. पण गोष्ट तीच पसरली, आजही सांगतात. जिवंतपणी तिच्या केसांखालचं डोकं काय विचार करत होतं याची फिकीर कुणी केली नाही, आणि मेल्यावर तिचे केस तेवढे वाढत राहिले. मला हे वाचून फार चीड येते.

आपण यातून सुटलो असं समजू नकोस. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुठल्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. तिच्या सुरुवातीलाच 'कपिला' मुलगी, आणि टीकाकार त्याचा अर्थ पिंगट-तांबूस केसांची असा लावतात. आणि त्याच्याही आधी, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात, पतंजली महाभाष्यात ब्राह्मणाची लक्षणं म्हणून लोक जे गुण धरतात ते सांगतो, त्यात गोरेपणाबरोबर हेच कपिल केस येतात. म्हणजे पुरुषाला असले तर मानाचे, मुलीला असले तर लग्न मोडायला कारण!

आपल्याकडे तांबूस केस पाहून आजीच्या कपाळाला आठी पडायची, त्याला आणखी एक कारण आहे आणि ते खरं आहे. मुलाला प्रथिनं मिळाली नाहीत की काळे केस तांबूस, कोरडे, विरळ होतात, नुसते ओढले तरी हातात येतात. पायावर सूज, पोट पुढे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी आफ्रिकेत, आजच्या घानात, अशी मुलं पाहून 1935 मध्ये या आजाराचं 'क्वाशिओरकोर' हे तिथलंच नाव वैद्यकात आणलं. मेळघाटात, पालघरच्या पाड्यांवर अशी बाळं आपल्या डॉक्टरांनी पाहिलेली आहेत. मधले काही महिने नीट खायला मिळालं, तर एकाच केसावर काळा आणि तांबडा असे पट्टे दिसतात, उपासाचे आणि पोटभर जेवणाचे. तेव्हा आई तुला व्हिडिओ कॉलवर म्हणाली ना, ‘त्या पोरीला दूध-अंडी देत नाहीत का गं?’, ती वाईट मनाने नाही म्हणाली. तिला समजावून सांग, की एडिनबराची ती मुलगी ठणठणीत आहे, तिचा रंग जन्माचा आहे.

आता उपयोगाचं. ती मुलगी तुमच्याकडे खेळायला आली, तर तुमच्या तिथलं ऊन कोवळं वाटलं तरी तिला सावलीत ठेव, टोपी दे, आणि तिच्या आईला सनस्क्रीनचं विचारून घे. तांबड्या रंगद्रव्याची ढाल कमकुवत असते, अशी कातडी लगेच भाजते आणि पुढे मेलॅनोमाचा, म्हणजे कातडीच्या कर्करोगाचा, धोका जास्त असतो. 2012 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना उंदरांत असंही दिसलं, की उन्हाशिवायही या तांबड्या रंगद्रव्याचा मार्ग त्या रोगाला हातभार लावतो.

दुसरं, तिची आई म्हणाली की दाताच्या डॉक्टरांचं बधिर करायचं इंजेक्शन हिला लागू पडत नाही, तर 'लाडावलीय' असं मनातही आणू नकोस. 2004 मध्ये अमेरिकेत लुइव्हिलला दहा लाल केसांच्या आणि दहा काळसर केसांच्या बायकांवर अभ्यास झाला. पहिल्या गटाला भुलेचा वायू 19 टक्के जास्त लागला. पुढच्या वर्षी त्याच मंडळींना दिसलं, की कातडीत टोचलेलं बधिरतेचं औषधही त्यांना कमी लागू पडतं. वीस बायका म्हणजे फार थोड्या, आणि नंतर शेकडो रुग्णांवर पाहिलं तेव्हा पूर्ण भुलेत विशेष फरक दिसला नाही, हेही खरं. उलट काही वेदनाशामकं लाल केसांच्या बायकांना जास्त लागू पडतात असंही आढळलंय. पण दुखतंय म्हणणाऱ्या मुलीवर विश्वास ठेवायला एवढं पुरे आहे.

लेकाला माफी मागायला लाव, पण ती साधी असू दे. ‘मी तुला चिडवलं, पुन्हा नाही चिडवणार.’ तुझे केस किती सुंदर आहेत वगैरे पढवू नकोस. तिला ते शंभरदा ऐकवून झालं असेल, आणि मोठी माणसं विचारल्याशिवाय हात लावून बघतात तेही तिच्या वाट्याला आलं असेल. त्याला अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स वाचून दाखव. 1908 चं पुस्तक, पण त्यातली लाल केसांची अ‍ॅन 'गाजर' म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यात पाटी फोडते, ते त्याला बरोबर समजेल. शिवाय नेदरलँड्सची गोष्ट सांग. तिथल्या एका चित्रकाराने 2005 मध्ये लाल केसांच्या पंधरा मॉडेल हव्यात म्हणून जाहिरात दिली, तर दीडशे जणी आल्या. सगळ्यांना परत कसं पाठवायचं म्हणून त्याने सोहळाच भरवला, आणि आता तो दरवर्षी भरतो. 2013 मध्ये ब्रेडा शहरात 1672 अस्सल लाल केसांची माणसं एकत्र उभी राहिली आणि जागतिक विक्रम झाला. आयुष्यभर वर्गात एकटं पडलेल्या माणसाला तिथे गेल्यावर कसं वाटत असेल गं!

आणि लाल केसांची माणसं आता नामशेष होणार, असं जे तुझ्या नवऱ्याने वाचलंय ते साफ खोटं आहे. ही बातमी 2007 च्या सुमाराला जगभर फिरली, आणि तिचा माग काढला तर केसांचे रंग विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेपर्यंत जातो. दडून राहणारं जनुक दडून राहतं, नाहीसं होत नाही. पिढ्यान् पिढ्या काळ्या केसांच्या घरात राहील आणि एखाद्या नातवंडात पुन्हा वर येईल.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, तुला स्वतःला तांबडे केस करून घ्यायचेत तो. खुशाल कर. तुझं डोकं, तुझी हौस. पण नुसत्या मेंदीने ते होणार नाही. मेंदीतलं लॉसोन केसातल्या केराटिनला पक्कं चिकटतं, पण खालचा काळा रंग काढत नाही. म्हणून पिकल्या केसांवर नारिंगी चढते आणि तुझ्या काळ्याभोर केसांवर उन्हात तेवढी लाली दिसेल. खरा तांबडा हवा तर आधी ब्लीच लागणार, ते जाणत्या हातानेच करून घे. आधी मेंदी लावलेली असेल तर पार्लरवालीला सांग, कारण काही मेंदीच्या पाकिटांत धातूचे क्षार मिसळलेले असतात आणि वर पेरॉक्साइड पडलं तर केस जळतात. शिवाय पाकिटावर पीपीडी हा घटक आहे का बघ. त्याची अ‍ॅलर्जी आली तर डोळे मिटेपर्यंत तोंड सुजतं, आणि आधी कधी काही झालं नव्हतं म्हणून यावेळी होणार नाही असं नसतं. सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर काढून देतात त्या काळ्या मेंदीतही हेच असतं, तेव्हा लेकाच्या हातावर ती काढू देऊ नकोस. रंग लावायच्या दोन दिवस आधी कानामागे थोडासा लावून 48 तास थांब. खाज सुटली, लाल झालं, तर पाकीट कितीही महागाचं असलं तरी फेकून दे.